दिसला, पण काढला नाही

समोरच्या काकूंकडे बातमी गेली, की गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत तिला शिंगं फुटतात. त्यामुळे माईंनी कुंपणापलीकडून हाक मारली, तेव्हाच मी ओळखलं, माझ्या धाकट्या जावेच्या पोटातली गोष्ट तिकडे पोचलेली आहे.

"काय गं, तुझ्या जावेच्या आतड्यात गाठ सापडली म्हणे? आणि डॉक्टरनं ती बघून तशीच आत ठेवली?"

"गाठ नव्हे हो माई. गाठीसारखं दिसलं काहीतरी. पण काढलं नाही, हे मात्र खरं."

"बरं केलं की मग."

आता काय बोलायचं! घरी भावजींनी तपासणीच्या रात्री आकाशपाताळ एक केलं होतं आणि माई म्हणतात बरं केलं. पण माई बोलल्या की ऐकावं लागतं. सरकारी दवाखान्यात उभी हयात ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काढलीय त्यांनी. मी बादलीतले कपडे तसेच ठेवले आणि कुंपणाशी गेले.

"नीट सांग पहिल्यापासून," माई म्हणाल्या. "तिला काय त्रास होत होता?"

"काहीच नाही. म्हणजे ती तसं म्हणत होती. तिचे वडील आतड्याच्या कॅन्सरनं गेले ना, पंचावन्नाव्या वर्षी निघाला होता. त्यांच्या डॉक्टरांनी तेव्हाच मुलांना बजावलं होतं, चाळिशी आली की एकदा दुर्बिणीनं मोठं आतडं तपासून घ्या, दुखो न दुखो. हिची चाळिशी उलटून तीन वर्षं झाली. आज जाते, उद्या जाते करत शेवटी गेली एकदाची."

"घरातल्याला ज्या वयात निघाला त्याच्या दहा वर्षं आधी, नाहीतर चाळिशीला. जे आधी येईल ते," माईंनी पाठ केलेल्या पाढ्यासारखं म्हटलं. "पावडरीचं पाणी प्यायली का नीट?"

त्याची एक वेगळीच कथा आहे. दोनतीन दिवस आधीपासून बी-सालाचं सगळं बंद. टोमॅटो नाही, पेरू नाही, पालेभाजी नाही. मऊ भात आणि डाळीचं वरचं पाणी. आणि नेमका त्याच रविवारी आमच्या घरी तांबडा-पांढरा रस्सा. जाऊ बिचारी सगळ्यांना वाढत होती आणि स्वतः भाताचे घास मोजत होती. आदल्या संध्याकाळी ती पावडर दोन लिटर पाण्यात कालवली. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला. पहिल्या पेल्याला म्हणाली, लिंबूसरबतात कुणीतरी साखरेऐवजी मीठ घातलंय. चौथ्यापर्यंत बोलणंच बंद झालं. पुढं रात्रभर बाथरूमचं दार. सकाळी डॉक्टरांनी विचारलं, शेवटी शेवटी काय रंग होता? तिनं सांगितलं, पिवळसर पाणी. मग आत घेतलं.

"आणि कागदावर सही घेतली असेल. पॉलिप दिसला तर लगेच काढू म्हणून," माई म्हणाल्या.

"तिथंच तर माशी शिंकली! सही भावजींनी केली. तासाभरानं डॉक्टर बाहेर आले, तरुण मुलगा आहे हो, तिशी-पस्तिशीचा. म्हणाले, बाकी आतडं स्वच्छ आहे, अगदी शेवटी अपेंडिक्सच्या जागी काहीतरी उंचवटा दिसतोय, मी हात लावलेला नाही, आधी सीटी स्कॅन करा. झालं! भावजींचं डोकं फिरलं. सही घेतली, पैसे घेतले, पॉलिप समोर दिसला, मग काढायला काय झालं? आता स्कॅनचे वेगळे, मग ऑपरेशनचे वेगळे. सगळी साखळी असते म्हणाले, एकानं दुसऱ्याकडे पाठवायचं. समोरच्या काकूंनी हे सगळं गेटातून ऐकलं."

"ऐकणारच. तुझ्या दिराचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात येत होता."

एवढ्यात काकू स्वतःच आल्या. हातात भाजीची पिशवी, म्हणजे मुक्काम लांबणार. "द्राक्षाची बी अडकली असणार," त्यांनी आल्या आल्या निदान करून टाकलं. "मी सांगत असते सगळ्यांना, बिया गिळू नका, अपेंडिक्स होतं."

"अपेंडिक्स होत नाही, असतंच," माई म्हणाल्या. "तुम्हालाही आहे. तीन-साडेतीन इंचाची नळी, मोठं आतडं जिथं सुरू होतं तिथं उजवीकडे खाली लोंबते. एक टोक आतड्यात उघडं, दुसरं बंद. ती सुजली की आपण म्हणतो अपेंडिक्स झालं. आणि सुजते ती बहुतेक वेळा तोंडाशी मळाचा खडा अडकून, नाहीतर तिथलं अस्तर फुगून. बी सापडते कधीतरी, पण द्राक्षं खाल्ल्यानं होत असतं तर आख्खं सांगली-तासगाव ऑपरेशनला आलं असतं. आमचे सर्जन सर ऑपरेशन करता करता गोष्टी सांगायचे. लंडनमध्ये 1735 साली अकरा वर्षांच्या पोराच्या अपेंडिक्समध्ये टाचणी सापडली होती. क्लॉडियस अम्यंड नावाचा सर्जन हर्नियाचं म्हणून कापायला गेला, तर हर्नियाच्या पिशवीत अपेंडिक्स आणि त्याला टाचणीनं पाडलेलं भोक. त्यानं ते काढून टाकलं. यशस्वीपणे काढलेलं ते पहिलं अपेंडिक्स धरतात. आणि भूल नव्हती हं तेव्हा. ती यायला अजून शंभरावर वर्षं होती."

"मग पोर?"

"जगलं की."

काकूंनी पिशवी खाली ठेवली. मी म्हटलं, माई, टाचणीचं राहू द्या, त्या डॉक्टरनं काढलं का नाही ते सांगा. भावजींना तेव्हा अजिबात पटलं नव्हतं.

"त्याला रिपोर्टवरचे फोटो दाखवलेत का? दुर्बीण शेवटपर्यंत पोचली याचा पुरावा म्हणून दोन फोटो काढायचे असतात. लहान आतडं येऊन मिळतं तिथल्या झडपेचा एक, आणि अपेंडिक्सच्या तोंडाचा एक. तोंड म्हणजे बारीकशी फट असते. ती दिसली की समजायचं, गल्ली इथं संपली."

"तेच डॉक्टर म्हणाले! झडप दिसली, पण फट कुठं सापडेना. फट असायला हवी तिथं बोटासारखं काहीतरी आत आलेलं. वरचं अस्तर आजूबाजूसारखंच, गुळगुळीत, कुठं खरखरीत नाही, लाल नाही. हवा सोडली की थोडं आखडायचं, परत बाहेर यायचं."

"हुशार पोरगा आहे," माई म्हणाल्या. "बघ हं. तुझ्या बादलीतला तो शर्ट दे."

यांचा पांढरा शर्ट होता, ओला. माईंनी तो कुंपणावरून ओढून घेतला, झटकला आणि बटणं लावून टाकली. "हा शर्ट म्हणजे मोठं आतडं. ही बाही म्हणजे अपेंडिक्स. मनगटाशी शिवून बंद केलीय असं समजा. आता डॉक्टर कुठं आहे? शर्टाच्या आत. त्याला बाही दिसत नाही, फक्त खांद्याशी तिचं भोक दिसतं. बरोबर?"

काकू मान डोलावू लागल्या.

मग माईंनी मनगटाकडून बाही धरली आणि आत ढकलली. ढकलत ढकलत सगळी बाही उलटी होऊन शर्टाच्या पोटात गेली. बाहेरून खांद्याशी नुसता खळगा राहिला. गळ्यातून आत बघायला सांगितलं. आत ओल्या कापडाचं लांबोळकं बोंडूक लोंबत होतं. "हे तुझ्या जावेचं अपेंडिक्स. उलटं होऊन आतड्यात शिरलेलं. आत बसलेल्या माणसाला हे काय वाटणार?"

"पॉलिप," मी म्हटलं.

"आणि पॉलिप कसा काढतात? तारेचा फास टाकतात, मुळाशी आवळतात, करंट देऊन कापतात. आता घे कात्री. मुळाशी कापलंस तर शर्टाला काय राहील?"

काही बोलायची गरज नव्हती. यांच्या शर्टाच्या खांद्याला केवढं भगदाड पडलं असतं ते तिघींना दिसत होतं.

"नुसता पॉलिप अस्तराला धरून असतो, तो कापला तर भिंत शाबूत राहते. हे अख्खी भिंतच आहे. कापलं की आतड्याला भोक, घाण पोटात, दोन दिवसांत पेशंट आमच्या टेबलावर, पोट फुगलेलं, ताप चढलेला. असं झालेलं आहे, पुस्तकात लिहिलंय. म्हणून तुझ्या दिराला सांग, त्या पोरानं सही घेऊनही हात आवरला, त्याचेच पैसे द्यायचे असतात."

काकूंचा चेहरा जरा पडला. साखळीची गोष्ट त्यांनी दूधवाल्यापर्यंत पोचवली होती.

पण स्कॅन होईपर्यंतचे ते तीनचार दिवस घरात काय झालं ते मला विचारा. डॉक्टरांनी तीन शक्यता सांगितल्या होत्या. साधा पॉलिप, उलटं अपेंडिक्स, नाहीतर आत चिकट द्राव साठून फुगलेलं अपेंडिक्स. त्या तिसऱ्यात म्हणे दुर्बिणीतून ज्वालामुखीच्या तोंडासारखं दिसतं, मधे खळगा आणि भोवती फुगवटा, आणि ते पोटात फुटलं तर वाईट. त्यात कधी कधी कॅन्सर असतो, जेलीसारखा द्राव पोटभर पसरतो. हे आमचे हे रात्री मोबाइलवर वाचत बसले. आणि वाचून गप्प बसतील तर शपथ! 'रोमन हॉलिडे'मधली ती ऑड्री हेपबर्न अपेंडिक्समधूनच सुरू झालेल्या कॅन्सरनं गेली, 1993च्या जानेवारीत, असं जेवताना जाहीर केलं. जाऊ समोर बसलेली! सासूबाईंनी पाण्याचा तांब्या असा आपटला की विषय तिथंच संपला.

संपला कसला. दुसऱ्या दिवशी त्यांना वाटलं, काहीतरी बरं सांगून भरपाई करावी. मग काढलं सातव्या एडवर्डचं प्रकरण. राज्याभिषेक 26 जून 1902ला ठरलेला, देशोदेशीचे राजे लंडनला जमलेले, आणि दोन दिवस आधी महाराजांचं अपेंडिक्स पिकलं. म्हणे, वाट्टेल ते झालं तरी राज्याभिषेकाला जाणार. फ्रेडरिक ट्रीव्ह्ज नावाच्या सर्जननं 24 तारखेला राजवाड्यातच टेबल मांडून पू काढला. राजा वाचला आणि राज्याभिषेक झाला 9 ऑगस्टला.

"त्यानंही अपेंडिक्स काढलं नव्हतं," माई मधेच म्हणाल्या. "गळू फोडलं, बस्स. सर सांगायचे."

"पण यांचं खरं पुढंच आहे. या राज्याभिषेकाला आपले शाहू महाराज गेले होते ना विलायतेला! आणि पन्नास टक्के राखीव जागांचा करवीरचा तो हुकूम कधीचा? 26 जुलै 1902. म्हणजे तिकडे राजाचं पोट भरून यायची वाट बघणं चाललं होतं आणि इकडे कोल्हापुरात हुकूम निघाला. हे एवढं रंगून सांगत होते, की जाऊ पहिल्यांदा हसली."

"हसली ना, मग झालं काम," माई म्हणाल्या. "स्कॅनमध्ये काय निघालं?"

स्कॅनमध्ये एकात एक गोल दिसले. नळीत नळी. सर्जननी सांगितलं, दुर्बिणीचं ऑपरेशन करू. काकूंना आधी कळेना, दुर्बीण घालून झाली होती की. मी सांगितलं, ती खालून होती, ही पोटाला तीन बारीक भोकं पाडून. बाहेरून जाऊन अपेंडिक्सच्या मुळाशी आतड्याची थोडी कडसुद्धा धरली, आधी शिवलं, मग कापलं. माईंच्या भाषेत, शर्टाला आधी टीप मारली आणि मग बाही उडवली. तिसऱ्या दिवशी घरी.

ऑपरेशन झाल्यावर सर्जननी नातेवाइकांना आत बोलावलं. आपल्याकडे पद्धतच आहे, काढलेलं दाखवायचं. स्टीलच्या ट्रेमध्ये गॉजवर ठेवलेलं. मी पुढे झाले, भावजी माझ्या मागे. मी काहीतरी भयंकर बघायच्या तयारीनं गेले होते. तर दोन इंचांचं, फिकट गुलाबी, आखूड, गलेलठ्ठ काहीतरी. एका बाजूला मोत्यासारखी चमक, मुळाशी टाचण्यांची बारीक ओळ. चिमट्यानं त्यांनी आतली बाजू ओढली तेव्हा ते लांबलं. निम्मं अजून आतच गुंडाळलेलं होतं. एका ठिकाणी भिंतीत निळसर-काळा ठिपका होता, मुगाएवढा. सर्जन त्याच्याकडे बघत म्हणाले, हे मला आवडलेलं नाही, तपासायला पाठवतो. मागे वळून बघते तर भावजी भिंतीला टेकून खाली बसलेले. वॉर्डबॉयनं पाणी दिलं.

"साखळीवाले हेच ना?" माईंनी विचारलं.

"हेच. त्यानंतर एक शब्द नाही."

सर्जन म्हणाले, असलं ऑपरेशन पुन्हा मिळेल न मिळेल. कुणा कॉलिन्सनं म्हणे एकाहत्तर हजार अपेंडिक्स तपासली होती. त्यात असं उलटं शिरलेलं दहा हजारांत एक. पहिली नोंद 1858ची, सात वर्षांच्या मुलाची. पण मोठ्या माणसांत म्हणे पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त सापडतं. तेव्हा मी म्हटलं, का हो, बायकांमध्येच का? ते म्हणाले, रिपोर्ट येऊ दे.

"एंडोमेट्रिओसिस," माई म्हणाल्या.

मी बघतच राहिले. रिपोर्टात तेच आलं होतं.

"निळा ठिपका म्हणालीस तेव्हाच आलं माझ्या ध्यानात. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी भलतीकडे जाऊन रुजतात. अंडाशयावर, आतड्यावर, कधी अपेंडिक्सच्या भिंतीत. दर महिन्याला पाळीच्या दिवसांत त्याही सुजतात, रक्त सोडतात, आणि ते रक्त जायला वाट नाही. भिंत जाड होते, घट्ट होते. मग आतडं तिला अन्नाचा गोळा समजून पुढे ढकलायला बघतं, ओढता ओढता आत घेतं. मोठ्या बायकांत उलट्या अपेंडिक्सचं नेहमीचं कारण हेच."

"पण तिला काही त्रासच नव्हता ना?" काकू म्हणाल्या. काकूंचा प्रश्न पहिल्यांदाच सरळ होता.

नव्हता म्हणत होती. रिपोर्ट आल्यावर सर्जननी लेडी डॉक्टरना बोलावलं. त्या तिच्या खाटेवर बसल्या आणि पहिलाच प्रश्न, पाळीच्या दिवसांत उजव्या बाजूला खाली दुखतं का? जाऊ म्हणाली, हो, दर महिन्याला. कधीपासून? तिनं आठवलं. धाकटा झाला त्याच्या आधीपासून. धाकटा आता नववीत आहे. कुणाला सांगितलं का नाही? तर म्हणाली, सगळ्यांनाच दुखतं ना. ओव्याचं पाणी प्यायचं, गरम पाण्याची पिशवी घ्यायची, उजव्या कुशीवर पडायचं आणि उठून कणीक मळायला लागायचं. आमच्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत ती पिशवी गरम व्हायची. सासूबाई म्हणायच्या, वात आहे, हरभऱ्याची डाळ बंद कर. बरीच वर्षं तिनं पुरणपोळी खाल्लेली नाही. त्या लेडी डॉक्टरांना हे ऐकून हसावं की रडावं कळेना.

"सासूबाई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, बाहेर अपेंडिक्सचं ऑपरेशन एवढंच सांगा, पाळीबिळीचं बोलू नका. पण जाऊ ऐकते का! परवा भिशीला गेली आणि फोटोसकट रिपोर्टच घेऊन गेली. पोहे बाजूला आणि आतड्याचे फोटो फिरतायत. दोघींनी तिथल्या तिथं लेडी डॉक्टरांचा नंबर घेतला. आता तिला गोळ्या चालू आहेत, सोनोग्राफी झाली, डाव्या अंडाशयावर थोडं आहे म्हणतात, लक्ष ठेवायचं. आणि आतड्याची तपासणी पुन्हा पाच वर्षांनी, वडिलांमुळे. भावजी म्हणाले, मी घेऊन जाईन, त्याच डॉक्टरकडे."

माईंनी शर्टाची बाही बाहेर ओढली, सरळ केली आणि शर्ट माझ्याकडे दिला. काकूंनी भाजीची पिशवी उचलली, पण गेल्या नाहीत. पिशवीतल्या मेथीची जुडी उगाच खाली-वर करत राहिल्या.

"काय घेतात हो तपासणीचे? त्या दुर्बिणीच्या?"

"का?" माईंनी विचारलं. "तुमच्या घरात होता का कुणाला?"

"माझ्या थोरल्या भावाला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी निघाला."

"आणि तुमचं वय काय आता?"

"एकसष्ट."

माईंनी कपाळाला हात लावला. "अहो, अडतिसाव्याला व्हायला हवी होती तुमची! जगाच्या आतड्यात काय आहे ते तुम्हाला ठाऊक आणि स्वतःच्या नाही? दे गं त्यांना नंबर."

मी मोबाइल काढला. काकूंनी आपला पुढे केला, नंबर लिहून घेतला, मग हळूच विचारलं, "रस्सा बंद करायला लागतो का खरंच?"

"दोनतीन दिवस."

"बुधवारी नातवाचा वाढदिवस आहे. मटण सांगितलंय."

"मग सोमवारची वेळ घ्या," माई म्हणाल्या. "आणि ती पावडर गार पाण्यात कालवा, फ्रीजमधल्या. जरा बरी लागते. मंगळवारी आराम, बुधवारी खुशाल मटण चेपा."